ताराआत्यांची रोहेकरीण

गणपतीचे डोळे आखायला बसल्या की ताराआत्या श्वास रोखून धरत, आणि आपल्याबरोबर अख्ख्या कारखान्यानेही तो रोखावा अशी त्यांची अपेक्षा असे. पेणजवळच्या हमरापुरात मूर्ती घडवण्याच्या शेडला कारखानाच म्हणतात. पंखा बंद, रेडिओ बंद. दोन्ही बुबुळं उतरली की मात्र त्या कुंचला खाली ठेवत आणि इतका वेळ तोंडात अडवलेलं सगळं एकदम बाहेर पडे. "कोन खोकला रं मघाशी? देवाला तिरळा करतोस काय?"

मी रोह्याचा. बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि श्रावणात त्याच दुकानापुढे मांडव घालून मी गणपती विकतो. मूर्ती येतात त्या आत्या जिथे आखणीला होत्या त्या कारखान्यातून. पहिल्या भेटीत मी भाबडेपणाने विचारलं होतं, "आत्या, एवढं बारीक काम, चष्मा नाही लागत?" त्या म्हणाल्या, "लागतो. पन घातला की तुमच्यासारखी गिऱ्हाइकं लई स्पष्ट दिसतात." तेव्हापासून आमचं जमलं.

आत्या एकट्याच राहत. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. कारखान्याच्या मागे दोन खोल्यांचं घर. भावाची मुलगी ठाण्याला बोलवायची, शेजारीण सणाला जेवायला बोलवायची, कोणी औषध आणून देतो म्हणायचं. सगळ्यांना एकच उत्तर, "माझं काय अडलंय!" हे त्या इतक्या जोरात म्हणत की समोरच्याला आपणच काही मागायला आलोय असं वाटावं. मीही बायको गेल्यापासून एकटाच, मुलगा पुण्याला. पण मला तसं म्हणता यायचं नाही. माझं बरंच अडलेलं होतं. दुकान बंद करून घरी गेलो की आधी टीव्ही लावायचो. बघायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

एका वर्षी टेम्पोतून मूर्ती उतरवताना पेंढ्यातून बारीक आवाज आला. मूर्तींना धक्का बसू नये म्हणून मधल्या जागांत पेंढा कोंबतात. कारखान्यातल्या मांजरीने नेमकी त्या पेंढ्याच्या ढिगात पिल्लं घातली होती, आणि टेम्पो भरणाऱ्या गड्याने न बघता कवेत मावेल तेवढा पेंढा उचलला, त्यात एक पिल्लू आलं. गणपतीच्या पाटाशी ते वळवळत होतं. मुठीत मावेल एवढं, डोळे घट्ट मिटलेले. मी आत्यांना फोन लावला.

"अगो बाई! लगेच धाडा त्याला. आई शोधत असंल."

टेम्पो रिकामा परत जाणारच होता. चपलांच्या खोक्यात घालून पिल्लाला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून दिलं. ते हमरापूरला सुखरूप पोचलं. पण तोवर मांजरीने धास्ती खाऊन उरलेली पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवली होती. पेंढ्यापाशी खोकं ठेवून सगळे दिवेलागणीपर्यंत लांब उभे राहिले. ती काही आली नाही. शेवटी आत्यांनी पिल्लू पदरात घेतलं आणि मला फोन केला. "तुमची रोहेकरीण माझ्या गळ्यात पडली. जगली तर जगली." डोळे उघडायच्या आत रोहा बघून आली म्हणून कारखान्यात तिचं तेच नाव पडलं.

जगवायची कशी, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. आत्यांनी तिला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि गाईचं दूध पाजलं. दूध नाकातून आलं, पिल्लू गुदमरलं. आत्या इतक्या घाबरल्या की तशाच, हाताला रंग असताना, रिक्षा करून पेणच्या गुरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की पिल्लाला पोटावरच ठेवायचं, गाईचं दूध बंद, मांजराच्या पिल्लांची वेगळी पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवून थोडी थोडी पण सारखी द्यायची. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, आई चाटते तसं. एवढ्या लहान पिल्लाला त्याशिवाय शी-शू होत नाही. ती पावडर पेणला मिळेना. मी पनवेलहून आणली आणि हमरापूरला नेऊन दिली. दुकान दिवसभर बंद राहिलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

नेमके ते दिवस धांदलीचे. रंगवून झालेले गणपती ओळीने उभे, सगळे आत्यांच्या हाताची वाट बघत. आणि आत्या एक मूर्ती आखायच्या, उठायच्या, पिल्लू पाजायच्या, पुसायच्या, हात धुऊन पुन्हा बसायच्या. ड्रॉपरचं तोंड पिल्लाला मोठं होई, म्हणून त्यांनी कोरा आखणीचा कुंचला काढला. आपल्या कुंचल्यांना त्या कोणाला बोट लावू देत नसत. तोच दुधात बुडवून त्या पिल्लाच्या ओठांवर टेकवत, आणि ते चोखे. रंग वाळवायच्या बल्बखाली खोकं, त्यात आत्यांचं जुनं लुगडं. कारखान्याचा मालक वैतागला. "आत्या, गणपती तोंडावर आलं आनि तू मांजर पाजत बसलीस!"

"मग देवाला सांग थांबायला," आत्या म्हणाल्या. "ही थांबनार नाय."

कोणीतरी चेष्टा केली, "आत्या, हिचं पन डोळं तूच आख की." आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिचं आतून यायचं हायत."

रोज दिवेलागणीला मला फोन येऊ लागला. आज दोनदा शी केली. आज पोट फुगलंय. आज दूध घेत नाय, नुसती निपचित पडलीय, भाऊ, काय करू? त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. फोन हातात घेऊन बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोन वाजला. "भाऊ, दूध घेतलंन. आनि एक डोळा उघडला." पलीकडे आत्या रडत होत्या. मी गिऱ्हाइकाला वहीऐवजी भूगोलाचा नकाशा दिला.

रोहेकरीण जगली, पण मांजर कसं व्हायचं हे तिला शिकवायला कोणी नव्हतं. भावंडांशी मारामारी झाली नाही, त्यामुळे किती चावावं ते कळेना. आत्यांच्या मनगटांवर सदा ओरखडे. दूध सुटलं तरी मांडीवर चढून पदर चोखत बसे. आत्यांना काळजी वाटे, "माझ्या माघारी हिचं कसं व्हायचं? हिला उंदीर दाखवला तर ही माझ्या मागं लपते." मग त्या दोरीला चिंधी बांधून अंगणभर ओढत फिरत, आणि शिकार जमली नाही तर मांजरीला बोलत. फोन चालूच होता. गणपती गेले, दिवाळी गेली, तरी दिवेलागणीला रोहेकरणीची बातमी यायचीच. कधी त्यांचा फोन उशिरा आला तर मी करायचो. "काय म्हणते?" एवढं विचारलं की पुरे. खरं सांगायचं तर दिवसातलं माझं तेवढंच बोलणं मला बोलण्यासारखं वाटे.

शिमग्यानंतर येत्या गणपतीच्या मूर्ती सांगायला मी हमरापूरला गेलो. आदल्याच संध्याकाळी आत्यांनी सांगितलं होतं, की रोहेकरणीने पिवळ्या रंगात पाय बुडवून एका गणपतीच्या पोटावर ठसे उमटवले. मी हसत मालकाला म्हटलं, "दाखवा तरी तो ठशांचा गणपती."

मालक बघतच राहिला. "कसलं ठसं? रोहेकरीण दिवाळीतच गेली, भाऊ. बोक्यामागं गेली ती आलीच नाय. आत्या पार खाडीच्या बांधापर्यंत शोधून आली."

मी मागच्या घरी गेलो. आत्यांनी चहा टाकला. खोलीत सगळीकडे नजर फिरवू नये असं ठरवूनही माझी फिरलीच. त्या म्हणाल्या, "आत्ता इथंच होती. तुमचा आवाज ऐकून पळाली. लाजते."

"येईल," मी म्हणालो.

आत्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मालकाशी मी बोलून आलोय हे त्यांना दिसलं असावं, कारण माझा चहा ओतण्याआधी त्यांनी एका बशीत दूध ओतलं आणि ती दाराशी नेऊन ठेवली. मांजर गेलं असं एकदा म्हटलं असतं, तर उद्यापासून फोन करायला दोघांनाही कारण उरलं नसतं. आमच्यासारख्या माणसांना उगीच फोन करता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचलो आणि मीच फोन लावला. "आली का?"

"आली," आत्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर लगेच."

पुढे काही महिने रोहेकरणीने खूप उद्योग केले. पाल पकडली, मालकाच्या डब्यातला बोंबील पळवला, शेजारणीच्या कुत्र्याला पळवून लावलं. मी रोज बारीक चौकशा करायचो आणि आत्या हौसेने सांगायच्या.

पुढच्या गणपतीआधी, आखणी अर्ध्यावर असताना आत्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा मी नेहमीसारखा उचलला, तर पलीकडे मालक होता.

त्याच्या आदल्या संध्याकाळचं आमचं बोलणं नेहमीपेक्षा थोडं लांबलं होतं. "रोहेकरणीला पिल्लं झाली," आत्या म्हणाल्या. "चांगली गुटगुटीत हायत." मग त्यांनीच विचारलं,

"भाऊ, तुम्हाला एक ठेवू काय?"

"ठेवा," मी म्हणालो. "पण इतक्यात नको. आईजवळ राहू दे."

"व्हय तर. घाई नाय. मोठं झालं की या न्यायला."