विश्राम हवालदाराचा दुसरा दहावा

विश्राम हवालदार पहिल्यांदा मेला तेव्हा त्याच्या पिंडाला कावळा इतक्या झटक्यात शिवला, की भटजींना हात मागे घ्यायलाही सवड मिळाली नाही. कोपरीच्या खाडीवर जमलेली सगळी भावकी धन्य धन्य म्हणाली. धाकट्या भावाने, धाकूने, डोळे पुसले आणि जाहीर केलं, "दादा तृप्त होऊन गेला. कशातच जीव अडकला नव्हता त्याचा."

लांब बायकांत उभी असलेली रंगूबाई ते ऐकत होती. हातातल्या बांगड्या नुकत्याच फुटल्या होत्या, कडेवर मालन होती. कशातच नव्हता? बायकोत नव्हता, या पोरीत नव्हता? तिला नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्या दिवशी त्यावर हे एक नवंच दुःख येऊन बसलं, आणि ते कोणाला सांगण्याजोगंही नव्हतं.

आता खरी गोष्ट अशी, की विश्राम मेलाच नव्हता. अफगाणांशी लढाई चालू होती, तिकडे कंदाहाराकडे त्याची पलटण गेली होती. त्याच पलटणीतला खडवलीचा नाथा हाताला गोळी लागून घरी परतला, तो आधी कोपरीला आला आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत पडला हो!" पडला हे खरंच होतं. पुढे तो उठला, हे बघायला नाथा तिथे थांबला नव्हता. इकडे घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावा-बारावा उरकला, हवालदाराच्या वहाणा, छत्री आणि तांब्या भटजींना दान दिला आणि सगळे कामाला लागले.

आणि पुढच्या होळीच्या सुमाराला, भर दुपारी, ठाण्याच्या स्टेशनावर उतरून हवालदार लंगडत लंगडत दारात उभा राहिला. एका पायाने अधू, एका कानाने बहिरा, बाकी शाबूत. धाकूने त्याला पाहिलं आणि धाडकन दार लावून घेतलं. धाकूचा दोष नव्हता. ज्याला आपण पोचवून आलो तो परत आला तर पाट मांडायचा की अंगारा लावायचा, हे कोणाला ठाऊक असतं?

भटजींनी तोडगा काढला. एकदा क्रियाकर्म झालेला माणूस घरात यायचा तर त्याने पुन्हा जन्म घेतला पाहिजे. पोथीप्रमाणे त्याला तुपाच्या पिंपात बसवायला हवं होतं. ऐपतीप्रमाणे पाण्याच्या पिंपात पळीभर तूप सोडलं. त्यात हवालदार मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन मुकाट बसला. साहेबाचा हुकूम पाळायची सवय होती, त्यात भटजींचा काय जड जाणार! फक्त त्याची नजर भटजींच्या पायांकडे गेली.

"या वहाणा माझ्या ना?"

"दान दिलेलं परत घेत नाहीत," भटजी म्हणाले. "आणि तू आत्ता कुठे जन्मतोयस. तुला कसल्या वहाणा?"

मग बारसं झालं. मिशीवाला हवालदार पाळण्यात मावेना, म्हणून नुसती पाळण्याची दोरी त्याच्या खांद्यावर टाकली. आवडाबाई आत्याने कानात नाव सांगितलं ते नेमकं बहिऱ्या कानात. त्याने "काय?" विचारल्यावर ती अशी ओरडली, की अर्ध्या कोपरीला नाव कळलं. नाव जुनंच ठेवलं होतं, नवीन सुचवायचा तिला कंटाळा आला होता. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तेव्हा म्हातारी कळवळून म्हणाली, "एकाच भाच्यापायी किती वेळा मार खायचा गं मी?"

शेवटी लग्न. रंगूबाईच्या कपाळावर पुन्हा कुंकू आलं, हातात हिरवा चुडा आला, आणि आईच्या लग्नात मालन करवली म्हणून मिरवली. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव उभा होता, तोच, ओळखीचा. रंगूबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्या रात्री तिने त्याला पहिली गोष्ट विचारली ती हीच. "कावळा एवढ्या झटक्यात का शिवला?"

"अगं, मी जिवंत होतो!"

"ते मला नका सांगू. तुमचा जीव आमच्यात असता तर तिथूनसुद्धा अडवला असता त्याला."

लढाईतून सुटून आलेला हवालदार या भांडणातून मात्र जन्मभर सुटला नाही. आमटीत मीठ जास्त झालं, असं तो चुकून बोलला तरी कावळा निघायचा.

खरं तर त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? पलटण सुटली आणि तो मिठागरावर कामाला लागला. दिवसा मीठ ओढायचं आणि उधाणाच्या भरतीला बांध राखायचा. बांध फुटला की खाडीचं पाणी आत शिरून केलेलं सगळं मीठ विरघळून जातं, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला हा गडी फावडं घेऊन बांधावर. ज्या नाथाने त्याला मारलं होतं, त्यालाही त्याने तिथेच चिकटवून दिलं. सकाळी पोरांना ओळीत उभं करून नखं तपासायचा, आणि मग तोच हवालदार मांडी घालून मालनची वेणी घालायचा. वेणी पलटणीच्या दोरखंडासारखी घट्ट व्हायची, पोरगी दिवसभर भुवया वर करून हिंडायची. परत आल्यावर झालेल्या मुलाला, उत्तमला, गोवर आला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन तो लंगडत माजिवड्याच्या वैद्याकडे गेला. लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून पोरं मागे लागली की म्हणायचा, "थंडी फार होती." संपली गोष्ट.

मालन लग्न होऊन कल्याणला गेली, उत्तम हाताशी आला. आणि एका उधाणाला, खिंडार पडलेला बांध चिखलाने बुजवून हवालदार टेकला तो उठला नाही. निरोप घेऊन नाथा धावत आला.

"नाथाभाऊजी," रंगूबाई शांतपणे म्हणाली, "या खेपेला नीट बघितलंत ना?"

नाथा खाली मान घालून रडायला लागला. तरी तिने विश्वास ठेवला नाही. चौघांनी त्याला दारात आणून ठेवलं, तिने त्याच्या चिखलाच्या पायांना हात लावून पाहिला, तेव्हाच ठेवला.

दुसऱ्या दहाव्याला खाडीवर पुन्हा तीच भावकी. भटजीही तेच, आता म्हातारे झालेले. पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर बसले होते. एक खाली आला, मान तिरकी करून पाहिलं, आणि परत गेला.

"दादा, उत्तमला मी अंतर देणार नाही," धाकू हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही. उत्तमने सांगितलं, आईला सांभाळीन. मालनने सांगितलं, माहेर तोडणार नाही. नाथाने जुन्या खोट्या बातमीची माफी मागितली. कावळा ढिम्म. मग धाकूला आठवण झाली आणि त्याने भटजींकडे पाहिलं. "त्या वहाणांत तर नाही ना अडकला जीव?"

"त्या कधीच झिजल्या," भटजी गडबडीने म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू या, शास्त्रात सोय आहे."

ऊन चढलं. लोकांचे चेहरे उतरले. हवालदारासारख्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवू नये, ही केवढी नामुष्की! लोक रंगूबाईकडे कीव येऊन बघत होते. आणि रंगूबाई पदराआड ताठ उभी होती. एकेका वचनाला कावळा जागचा हलेना, तसा तिच्या छातीतला एकेक काटा निघत होता. अडकलाय. या खेपेला अडकलाय. आमच्यातच.

तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत असंच चालावं. पण उत्तम सकाळपासून उपाशी होता, तापलेल्या चिखलात पाय बदलून बदलून उभा होता. पोरं उपाशी असताना हवालदाराच्या घशाखाली कधी घास उतरला नव्हता. तो तरी कसा जेवणार?

ती बायकांतून निघाली आणि पिंडापाशी येऊन उभी राहिली. कोणी अडवलं नाही.

"जावा आता," ती हळूच म्हणाली. "माझी हौस फिटली."

कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. धाकूने डोळे पुसले. रंगूबाईने पदर तोंडात धरला होता, मालन तिला सावरायला जवळ आली, तेव्हा तिला आईचं पुटपुटणं ऐकू आलं.

"लगेच निघालात? जरा आणखी थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"