मॅडमचा चिवडा

शेंगदाणे खवट झालेत हे कळायला पदवी लागत नाही, नाक लागतं. ऋतुराजकडे दोन्ही होतं. पण त्या सकाळी शेजारच्या मथुरामावशींनी दारातून मूठ पुढं करून "वास बघ रं जरा" म्हटलं, तेव्हा तो मोबाइलवर मॅच बघत होता. मान न वळवताच म्हणाला, "एक नंबर." शेंगदाणेही त्याच्याच मोहोळ गावच्या घरचे, पोत्याच्या तळाला वर्षभर राहिलेले. घरच्या मालावर संशय घ्यायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

मावशी मूळच्या वेळापूरच्या. नवरा गेल्यावर सोलापुरात आल्या आणि एका फुटाण्याच्या भट्टीवर बावीस वर्षं उभ्या राहिल्या. मालक घड्याळाकडं बघायचा, त्या हवा हुंगायच्या, आणि घड्याळ बहुतेक वेळा हरायचं. पुढं भट्टी बंद पडली. केम गावी दिलेली लेक "चल माझ्याकडं" म्हणत होती, पण जावयाच्या दारात आयतं बसून खायचं त्यांच्या जिवावर येई. आपली खोली, आपली शेगडी, एवढंच त्यांना हवं होतं.

ते टिकवलं वैजयंती मॅडमनी. त्या बायकांची जिम चालवायच्या आणि तिथंच खाऊची पाकिटं विकायच्या. त्यांनी मावशींना ग्रॅनोला शिकवला : ज्वारीचे पोहे, शेंगदाणे, तीळ, जवस मंद आचेवर भाजायचे, गुळाच्या पाकात घोळायचे, परातीत पसरून गार करायचे. मावशी त्याला मॅडमचा चिवडा म्हणत. "मीठ न्हाय, मिरची न्हाय, आन वर दुधात बुडवून खात्यात. पैसंवाल्यांचं आजारपण, दुसरं काय."

दर घाण्याला त्या ऋतुराजला हाक मारत. वास कसा येतोय, उतरवू का? भरतीच्या परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाला कुणी मत विचारलं की छाती फुगते. तोही कढईपाशी डोळे मिटून उभा राहायचा आणि साहेबी थाटात "अजून दोन मिनिटं" म्हणायचा. बदल्यात मावशींचं नाव कोरलेला एक स्टीलचा डबा भरून मिळायचा. तो परत मात्र रिकामाच जायचा.

"रिकामा डबा देत्यात व्हय रं कुणाला? चिमूटभर साखर तरी घाल की."

"पुढच्या वेळी, मावशी."

खवट शेंगदाण्यांची चाळीस पाकिटं चौथ्या दिवशी परत आली. मागोमाग मॅडम आल्या. एक पाकीट फोडून त्यांनी मावशींच्या नाकाशी धरलं. मावशींनी वास घेतल्यासारखं केलं. उंबऱ्यातल्या ऋतुराजला राहवलं नाही. शेंगदाणे माझ्या घरचे, ठीक आहेत असंही मीच सांगितलं, असं त्यानं कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून त्यानं कुणाचं तरी वाटोळं केलं.

"याला कशाला विचारलंत?" मॅडम म्हणाल्या. "बावीस वर्षं भट्टीवर कोण होतं?"

मावशींनी परात बाजूला सारली. "मला वास येत न्हाय, मॅडम. त्या कोरोनाच्या तापापास्नं. कसलाच न्हाय. ह्याच्या नाकानं भाजत हुते."

दोन वर्षं आपण परीक्षक आहोत असं ऋतुराजला वाटत होतं. तो नुसतं नाक होता, आणि गरज पडली त्या दिवशी तेही घरी नव्हतं.

मॅडमचा आवाज उतरला. पाकिटं राहू द्या, म्हणाल्या. मग शेगडीच्या नळीकडं बघून त्यांनी विचारलं, "मावशी, गॅस सुटला तर कळतं का तुम्हाला?"

मावशींनी नळीवरून हात फिरवून कॉक चाचपला. तेवढं पुरलं. संध्याकाळी मॅडमनी केमला फोन केला. दुसऱ्या दिवशी घरमालक सिलिंडर उचलून घेऊन गेला; चांगल्यासाठीच, असं सगळे म्हणाले. रविवारी लेक आली. कढई तिनं भंगारवाल्याला दिली. तिच्या घरी एवढी मोठी कढई काय करायची?

रिक्षात बसताना मावशी ऋतुराजला इतकंच म्हणाल्या, "डबा तुझ्याकडंच हाय. भरून आण कवातरी."

त्याला दीड वर्ष झालं. मधे केमवरून तो दोनदा रेल्वेनं गेला, उतरला नाही. यंदा मोहोळहून नव्या शेंगा आल्या. त्यानं सोलल्या, भाजल्या, तीनदा वास घेतला, डबा काठोकाठ भरला. महिन्याभरानं झाकण उघडून पुन्हा वास घेतला, खवट आला, आणि ते शेंगदाणे गल्लीतल्या शेळीला घातले.

डबा धुऊन फळीवर पालथा ठेवलाय.