नॉर्मल सर

फिजिऑलॉजीच्या सरांना पोरं पाठीमागे 'नॉर्मल सर' म्हणत. प्रॅक्टिकलला तपासायला निरोगी माणूस लागतो, आणि गेली सव्वीस वर्षं सर स्वतःच बाही वर सारून स्टुलावर बसत. त्यांच्या गुडघ्यावर हातोडी आपटून कितीतरी जण डॉक्टर झाले. त्यातल्या निम्म्यांनी ती नेमकी नडगीवर मारली, असं सर घरी सांगायचे.

दुपारनंतर सर प्रयोगशाळेत. उंदराचा दोन दिवसांचा गर्भ, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. तो तासाभरात किती साखर खातो, हे ते मोजत. त्यासाठी केसासारख्या काचेच्या नळीने एकेक गर्भ एका थेंबातून उचलून दुसऱ्यात सोडायचा. या कामात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंदा मात्र गर्भ हरवायला लागले. सरांनी आधी नळ्यांना नावं ठेवली, मग मायक्रोस्कोपला. हल्ली बटणं लावायला फार वेळ लागतो तुम्हाला, असं बायको म्हणाली, तर तिच्यावरच उखडले. आता फिजिऑलॉजीच्या मास्तराला हे कळत नसेल होय? सगळं कळत होतं त्यांना.

परीक्षेला एक मुलगी आली. आधी एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर वर्ष गेलंच. तिने सरांचा उजवा हात कोपरात वाकवला, सरळ केला. डावा पाहिला. परत उजवा पाहिला. मग भीत भीत लिहिलं: उजवा हात ताठर, वाकवताना अडखळतो, मांडीवर ठेवला की थरथरतो.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी कागद वाचला आणि सरांकडे पाहून हसले. ही काय लिहून बसली आहे, म्हणाले.

खरं सांगितलं तर नळी हातातून कायमची जाणार होती.

"घाबरली असेल," ते म्हणाले. "माझा हात ठणठणीत आहे."

परीक्षकांनी तिच्या उत्तरावर काट मारली आणि ते चहाला शेजारच्या खोलीत गेले. निकालावर सह्या त्यानंतर व्हायच्या होत्या. मुलगी दाराशी थांबली होती. आता ही रडणार, गयावया करणार, म्हणून सर मनातल्या मनात कडक उत्तर जुळवत होते.

"सर, मार्कांचं राहू दे," ती म्हणाली. "पण तुम्ही कुणाला तरी दाखवा. माझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी कपबशा वाजत होत्या; दहा पावलं चालून एक वाक्य बोलायचं, की पोरीचं वर्ष वाचलं असतं. सर उठलेसुद्धा. उजवा हात त्यांनी खिशात घातला.

"पुढच्या वेळी नीट अभ्यास करून ये," ते म्हणाले.