पावती अजून बाबांच्याच नावावर

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली होती, तरी गिरगावातल्या आमच्या खोलीची भाडेपावती त्यांच्याच नावाने यायची. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग चाळ विकली गेली आणि नव्या मालकाने आईकडून भाडं घेणंच बंद केलं. त्याचा माणूस दारात येऊन सांगून गेला, "भाडेकरू मयत झाला. राहायचं असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर सही करा." करारातलं भाडं आधीच्या कित्येक पट होतं.

आईने सही केली नाही. पण त्या दिवसापासून ती खोली रिकामी सोडेना. भाजीला गेली तरी शेजारच्या मिसना दारात बसवून जायची. मिस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिश्चन बाई, सगळी चाळ त्यांना मिसच म्हणते. त्यांनीच वकिलाला विचारून आईला सांगितलं होतं, भाडं दर महिन्याला मनीऑर्डरने पाठवा, परत आलं तरी पाठवा, म्हणजे भाडं थकवलं असं मालकाला म्हणता येणार नाही.

त्यात आईचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या दोन तारखा तिने चुकवल्या.

"आई, अर्ध्या दिवसाचं काम आहे गं."

"अर्ध्या दिवसात कुलूप फोडतत. मी खोली सोडून खंय जावचंय नाय." घाबरली की ती मालवणीवर येते.

शेवटी तोड तिनेच काढली. हॉस्पिटलात मिस सोबत जातील, आणि मी वडाळ्याहून येऊन खोलीत बसायचं. पोटची मुलगी असून ऑपरेशनला मी नाही, हे मला लागलं. पण ठरल्या दिवशी खोलीत येऊन बसले.

अकराच्या सुमारास तोच माणूस आला.

"आई नाहीत?"

"बाजारात गेलीय," मी खोटंच बोलले.

"तुम्ही तर लग्न होऊन गेलात. समजवा त्यांना. या वयात कोर्टाच्या पायऱ्या झेपणार आहेत का?"

मलाही कित्येक दिवस हेच वाटत होतं. त्याने कागद पुढे केला. "साक्षीदार म्हणून तुम्ही सही करून ठेवा. त्यांची मी नंतर घेतो." मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. मग ते खाली ठेवलं आणि विचारलं, "कायद्याने भाडं वर्षाला चारच टक्के वाढवता येतं ना?"

"ते भाडेकरूला. इथे भाडेकरू आहे कुठे?"

"आहे. बाबा गेले तेव्हा आई याच खोलीत राहत होती. तिचा हक्क जात नाही."

मिसनी हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. "बघू," म्हणून तो हसला आणि कागद घेऊन गेला. मी आतून कडी घातली. दोन वाजेपर्यंत गॅलरीच्या टोकाच्या संडासालाही गेले नाही.

आई डोळ्याला पट्टी बांधून आली. "कोण इला होता?"

"कुणी नाही."

मिसनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आईला धरून आत नेलं. त्या पेनाचं मी आईला अजून सांगितलेलं नाही.

पुढे आमच्या वकिलाची नोटीस गेली तेव्हा मालक भाडं घ्यायला लागला, वाढ कायद्यात बसेल तेवढीच. पावतीवर आईचं नाव मात्र त्याने लावलेलं नाही. त्यासाठी आम्ही केलेला दावा कोर्टात चालू आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची मिळाली आहे.