साडी सौजन्य: सुमनआत्या

आमच्या आईच्या चोवीस कोऱ्या साड्या मी दोन दिवसांत कापल्या, आणि त्याबद्दल मी आजवर माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. माझं चुकलं असेल तर एवढंच की मी त्यांच्यावर नावं लिहिली.

तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पर्यावरणाच्या सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आपापल्या गावात प्लास्टिक कमी होईल असं एक तरी काम करा आणि फोटो आणा. वर्गाने रोप लावलं. (एकच रोप, कॉलेजच्या मागच्या कुंपणाशी. अकरा जणांनी आळीपाळीने तेच लावलं आणि शेवटी ते बिचारं दमून मेलं!) रोप लावून प्लास्टिक कसं कमी होतं, असं मी विचारलं, तर सर म्हणाले की तू उगाच फाटे फोडू नकोस. मला कुणी असं म्हणालं की माझ्या अंगात येतं. काम करीन तर खरंच करीन, असं मी भर वर्गात सांगून बसले.

आमचं घर बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे मासळी घ्यायला माणूस हात हलवत येतो आणि पातळ काळ्या पिशवीतून मासे घेऊन जातो. ती पिशवी जेमतेम घरापर्यंत टिकते आणि मग नातवंडांच्या काळापर्यंत खाडीतल्या तिवरांवर लोंबत राहते. या पिशवीचा बंदोबस्त मी करायचा ठरवला. आईने मोठ्या मनाने माळ्यावरच्या पेटीतल्या जुन्या सुती साड्या दिल्या. मी एक पिशवी शिवली, हिरामावशी कोळणीकडून त्यात अर्धा किलो ओले बोंबील घेतले आणि ऐटीत घरी निघाले. निम्म्या वाटेत बोंबलांचं पाणी पिशवीतून ड्रेसवर, ड्रेसवरून चपलेत आलं. घरी पोचले तेव्हा मला पोचवायला तीन मांजरं आणि एक कुत्रा होता. सुती कापड बाद झालं.

पेटीच्या शेजारी माळ्यावर एक बॅग होती. तिच्यात आहेराच्या साड्या होत्या. आहेराची साडी आमच्याकडे कुणी नेसत नाही. बारशाला मिळालेली मुंजीला द्यायची, मुंजीला मिळालेली वास्तुशांतीला. घडी मोडायची नाही, कारण मोडली की ती जुनी झाली. ती साडी झगमगीत असते, निसरडी असते, आणि तिच्यावर पाणी टाकलं तर ते न भिजवता घरंगळून खाली येतं. (मी तांब्याभर टाकून पाहिलं.) मासळीच्या पिशवीला याहून चांगलं कापड जगात नसेल!

ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आई आणि ताई खरेदीला महाडला मामाकडे दोन दिवस गेल्या होत्या आणि बाबा मुंबईला कंपनीत. तेव्हा विचारायचं कुणाला? खरं सांगायचं तर फोन होता, पण विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. जी वस्तू वीस वर्षं कुणी वापरत नाही ती टाकाऊ, असं आमच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. मी शनिवारी कातर घेतली आणि रविवारी संध्याकाळी मशीनवरून उठले.

आता नावांचं सांगते. प्रत्येक साडीच्या घडीत टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. 'शेवंता', 'कुंदा', 'सुमनवन्सं', अशी नावं होती. जिने दिली तिलाच फिरून साडी जाऊ नये म्हणून बायका ही खूण ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दिलेल्याची आठवण म्हणून आईने प्रेमाने जपलंय! आमच्याकडे क्रिकेटच्या सामन्यापासून सत्यनारायणाच्या मंडपापर्यंत सगळ्यावर 'सौजन्य' म्हणून कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. तेव्हा या बायकांचं का नको? मी जाड मार्कर घेतला आणि प्रत्येक पिशवीवर जिची साडी तिचं नाव ठसठशीत लिहिलं, जसं की 'साडी सौजन्य: सुमनआत्या'. जांभळ्या मोराच्या साडीच्या घड्या उलगडत गेले तर आत एकाखाली एक अशा तीन चिठ्ठ्या निघाल्या. मी प्रामाणिक मुलगी. तिच्या आठही पिशव्यांवर मी तिन्ही नावं लिहिली, शेवंताकाकी, सुमनआत्या, कुंदामामी, अगदी क्रमाने.

सोमवारी सकाळी सगळा गठ्ठा हिरामावशीच्या पाटीशेजारी ठेवला. पिशवी फुकट आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक माशाआधी पिशवी निवडायला लागलं. मावशीने एकीत बोंबील भरून पिशवी हवेत धरली, एक थेंब गळला नाही. ती म्हणाली, "ह्या झ्याक हाय गो. काळी पिशवी आता मी आणायची न्हाय." मी फोटो काढले. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

साडेअकराच्या एसटीने आई आणि ताई उतरल्या. समोरून आईची आंबा रंगाची साडी चालत येत होती, तिच्यात बांगडे होते. मागून हिरवी आली, तिच्यात मांदेली. आईला आधी वाटलं ऊन लागलं. मग तिने पिशवीवरचं नाव वाचलं आणि हातातलं सामान तिथेच रस्त्यावर खाली ठेवलं.

घरी आल्यावर आई जे बोलली त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. उरलेल्या निम्म्याचा अर्थ असा, की त्या साड्या ताईच्या लग्नातल्या मानपानासाठी तिने वर्षानुवर्षं साठवल्या होत्या. कुणाला कुठली, हेही ठरलेलं होतं. आता पाहुण्या बायकांना काय पिशव्या देऊ का, असं तिने विचारलं. मी म्हणाले, "दे की." (यानंतर मी बराच वेळ अंगणात होते.)

संध्याकाळी दिवेलागणीला त्या तिघी आल्या. शेजारची शेवंताकाकी, बाबांची थोरली बहीण सुमनआत्या, आणि खालच्या आळीतली आईची चुलत भावजय कुंदामामी. तिघींच्या हातात जांभळ्या मोराची एकेक पिशवी. पडवीत बसल्यावर त्यांनी पिशव्या मध्ये ठेवल्या. मला वाटलं मला रागवायला आल्यात. पण त्या एकमेकींकडेच बघत होत्या.

काकी आत्याला म्हणाली, "सुमन, ही साडी मी तुज्या वास्तुशांतीला दिलेली. नेसले म्हनून सांगितलंस मला. निसतं नेसले म्हनाली न्हाईस, छान बसली म्हनालीस."

आत्या लगेच मामीकडे वळली. ती तिने मामीच्या पोराच्या बारशाला दिली होती. मामीने तेव्हा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं की मी ही दिवाळीला नेसणार. आता मामीला बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने आईकडे बोट केलं. "आमी दिलेली साडी तुमी अशी कापायला दिलीत? आमची हीच किंमत?"

आईने दुपारभर मला झोडलं होतं. पण बाहेरच्यांनी तेच सुरू केल्यावर तिचा नूर पालटला. पदर खोचून ती उभी राहिली. "पोरीनं कापल्या, चुकलीच ती. पन तिनं त्या वापरल्या तरी. तुमी चार घरं फिरवलीत, एकीनं तरी घडी मोडलीत काय?" मग तिला जोर चढला. "मी तर ही शेवंतालाच द्यायची ठरवलेली."

साडी फिरून काकीकडेच चालली होती, हे कळायला काकीला थोडा वेळ लागला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळायला आईला त्याहून जास्त. पण आता मागे फिरायचं कसं? आईने जाहीरच करून टाकलं की या लग्नात साडी द्यायची नाही आणि घ्यायची नाही. काकी आणि मामीचे चेहरे उतरले, तरी शपथेवर सांगते, त्यांना आतून सुटल्यासारखं झालं होतं.

आत्याचं तसं नव्हतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माजं नाव बोंबलावर छापलंस. आख्खा बाजार वाचतोय. मी हळदीला यायची न्हाय."

आता ही धमकी किती मोठी ते सांगायला हवं. आमच्या आजूबाजूच्या पाच गावांत हळदीची गाणी म्हणावीत तर सुमनआत्याने. ती पाटाशी बसून पहिली ओळ उचलते तेव्हा हळद लागते, नाहीतर नुसता पिवळा चिखल. शिवाय ताई लहान असताना आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं ताईला आत्यानेच वाढवलं. आत्या गेल्यावर ताई मला एक शब्द बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून ती रडली, आवाज न करता. आई ओरडली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ताई गप्प राहिली तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज आत्याच्या घरी जायला लागले. माफी मागायला नाही, बोलवायला. आत्या मला ओटीवरच बसवायची, चहा द्यायची (राग आहे म्हणून कुणी चहा चुकवत नाही आमच्याकडे!) आणि एक शब्द बोलायची नाही. मी तिला तिवरांवर लोंबणाऱ्या पिशव्यांबद्दल सांगितलं. समुद्रातल्या कासवांबद्दल सांगितलं. कासवं तिला पटली नाहीत. घरात तर ताईही बोलत नव्हती, त्यामुळे बोलायला मला मांजरंच उरली होती. हळदीच्या आदल्या दिवशी माझा धीर सुटला.

"आत्या," मी म्हणाले, "मी साड्या कापल्या ते बरोबरच केलं. तुला ते पटायचं नाही आणि मी माघार घ्यायची नाही. पण ताईची हळद कोरडी करू नकोस. मला काय बोलायचं ते गाण्यात बोल, सगळ्या मांडवासमोर. मी खाली मान घालून ऐकेन."

आत्याने कप खाली ठेवला. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "गान्यात काय पन बोलू?"

"काय पण."

तिने येते म्हटलं नाही, नाही येत असंही नाही.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. ताई पाटावर बसली. वाटीतली हळद कडेने सुकायला लागली तरी कुणी गाणं उचलेना. काकीने एकदा घसा खाकरला आणि परत तोंड मिटून घेतलं. ताईची नजर मांडवाच्या तोंडाशी, माझी ताईकडे. आणि मग आत्या आली, पिवळी सुती साडी नेसून, आपल्या पायांनी, कुणी न आणता. ताईच्या डोक्यावर हात ठेवून ती बाजूला बसली. पहिली तीन गाणी देवाची आणि मांडवाची झाली. चौथ्याला तिने माझ्याकडे बघून सूर लावला:

"धाकली करवली शिकली फार गो,
साड्या कापून मांडला बाजार गो,
नवरीची आय बसली साडी शोधीत,
बोंबील निघाले साडी मिरवीत गो."

आधी मामी फुटली. मग काकी. मग आईने पदर तोंडाला लावला तो काढेच ना. आत्याला अशी कडवी सुचत गेली, बारा की तेरा. एकात माझ्या मार्करची हजेरी, एकात माझ्या कॉलेजची, एकात माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, ज्याला म्हणे ही बया पहिल्याच दिवशी कापून पिशवी करणार. मी शब्द दिला होता, खाली मान घालून ऐकत होते. आणि पाटावर ताई, गालावर हळद आणि डोळ्यांत पाणी, इतकी हसत होती की तिला धरून बसवावं लागलं. इतक्या दिवसांनी ती मला पहिल्यांदा काही बोलली. "ऐक मेले," म्हणाली. मला तेवढं पुरलं.

लग्नात साडी दिली नाही, घेतली नाही. प्लास्टिकचं म्हणाल तर हिरामावशीकडून काळी पिशवी अजूनही मिळत नाही, बाकीच्या पाट्यांवर मिळते. सरांनी माझे फोटो पाहिले आणि रोप कुठे आहे विचारलं.

गाणं मात्र गावात राहिलं नाही. गेल्या महिन्यात किहीमला एका मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला गेले होते. मला तिथे मैत्रिणीखेरीज कुणी ओळखत नव्हतं. बायकांनी फेर धरला आणि काय म्हणावं, बोंबील निघाले साडी मिरवीत गो! माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं ज्याबद्दल टोमणे खाल्ले, ते पार अलिबागच्या पुढे पोचलं होतं. मी शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाले, "ती करवली मीच."

तिने मला वरून खाली न्याहाळलं.

"गप ग," ती म्हणाली. "ह्या गानं माज्या आजेसासूच्या येळचं हाय. ती बया कवाच मेली."