पाण्याचा दोष

आमच्या शेजारचे डॉक्टर कुणाकडेही गेले की आधी नळ सोडून पाणी कोमट आहे का, ते हात धरून पाहायचे. जंतू तपासणं हे त्यांचं हॉस्पिटलातलं काम, पण ती सवय बाहेरही सुटत नसे. बोलायचे सावकाश, आणि खात्री नसेल तिथे सरळ "मले मालूम नाई" म्हणायचे.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात माझ्या चुलतबहिणीचं वर्ध्याला लग्न झालं. नवरदेवाकडची मंडळी लॉजवर उतरली होती. आठवडाभरात त्यांतल्या बऱ्याच जणांना न्यूमोनिया झाला आणि तिचे सासरे गेले. पुलगावला सासरी तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागले.

डॉक्टरांनी लॉज पालथा घातला. आजारी पडलेल्या सगळ्यांनी वरच्या मजल्यावर शॉवरखाली आंघोळ केली होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं कोमट झालेलं, तळाशी गाळ. जंतू त्या तुषारांतून फुप्फुसात गेले, असा त्यांचा कयास होता. मी त्यांना पुलगावला घेऊन गेलो.

"पोरीचा काय दोष? दोष त्या पाण्याचा आहे," ते म्हणाले.

"मंग जंतू सापडला काय?" तिच्या दिरानं विचारलं.

हो म्हणा डॉक्टर, असं मी मनात म्हणत होतो.

"नाई. जंतू वाढवल्याबिगर सापडत नाई, अन् आमच्या लॅबमध्ये तो वाढतच नाई."

बहीण माहेरी आली ती कायमचीच. पुढे एकदा डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलाले पाह्यजे होतं."

त्यांना धीर द्यावा की दोष, हे मला ठरवता आलं नाही.