जावयाच्या गाडीचे चार टायर

धरणगावात टायर घ्यायचा तर दोन सोयी होत्या. एक, जळगावला जाऊन एसीत बसून, चहा पिऊन घ्यायचा. दुसरी, उखर्डूआबाच्या दुकानात जाऊन, बोलणी खाऊन घ्यायचा. शहाणी माणसं बोलणी खात.

चाळीस वर्षं टायर उलटेपालटे करून आबाचे हात काळे झाले होते आणि जीभ त्याहून. त्याचा खरा राग होता अलॉयवाल्यांवर. कंपनीची धडधाकट चाकं काढून टाकायची, मोबाइलवर बघून सतरा इंची चकचकीत अलॉय मागवायची, त्यावर दोन-तीन बोटं जाडीचा टायर चढवायचा आणि मग त्याच गाडीतून सरकीच्या ढेपेची पोती वाहायची! हा थाट बघितला की आबाच्या अंगाची आग होई. बरं, असा टायर घेऊच नका असंही तो म्हणत नसे. पळणारा, रस्ता धरून ठेवणारा टायर स्वस्तातही मिळतो, पण तो वाचून घ्यावा लागतो. बाजूला चार आकडी तारीख असते, किती वजन पेलेल त्याचा आकडा असतो. ह्या गाढवांना वाचायला नको, नक्षी हवी.

जिनिंगवाल्या शेठचा पोरगा एकदा असाच नक्षीवर बोट ठेवून अडून बसला. आबा म्हणाला, "तुले टायर नही, आरसा जोयजे. तो समोरना दुकानमा भेटी." शेठनं नंतर माणूस पाठवला, तरी आबानं तो टायर दिला नाही. चुकीचा टायर आपण आजवर कुणाच्या गळ्यात मारला नाही, ह्याचा त्याला भारी अभिमान होता. खोटं बोलून माल खपवणाऱ्याला तो दुकानदार मानतच नसे.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याची लेक दीपमाला पोराला घेऊन माहेरी आली. चार दिवसांनी तिला न्यायला जावई आला, नरडाण्याजवळचा कुंदन. डिकीत चार नवी अलॉय. पुरणपोळी, आमरस हाणून झाल्यावर त्यानं फर्मावलं, "मामा, याले भारी टायर बसाडी द्या."

जावयाकडून पैसे घ्यायचे नसतात आणि त्याला नाही म्हणायचं नसतं, हे आबाला यशोदाबाईनं, म्हणजे बायकोनं, दुकानात जाण्याआधी दोनदा बजावलं होतं.

त्या मापाच्या चार-चार टायरचे दोन संच दुकानात होते. एक त्याच वर्षी तयार झालेला, साध्या नक्षीचा, बेताच्या किमतीचा. त्यावर आकडा अठ्ठ्याऐंशी, म्हणजे एका चाकावर पाचशे साठ किलो. कंपनीच्या मूळ टायरवर होता तोच. दुसरा कुणीतरी मागवून न नेलेला, पाच वर्षांचा जुना. आकडा चौऱ्याऐंशी, पाचशे किलोचा. पण नक्षी बाणासारखी आणि बाजूला पांढरी मोठी अक्षरं. कुंदन थेट त्या पांढऱ्या अक्षरांपाशी जाऊन उभा राहिला.

आबानं जिभेला लगाम घातला. मऊ आवाजात तारीख दाखवली, आकडा दाखवला. ह्या उन्हात जुना रबर तडकतो, मागे ढेपेची पोती आणि चार माणसं बसली की टायर फुटेल, हेही सांगितलं. कुंदननं ऐकून घेतलं आणि हसला.

"समजनं, मामा. फुकट देनं शे म्हनीसन साधा माल माथे मारी राहिनात."

लगाम तुटला. "तुमनी अक्कलबी त्या अलॉयसारखीच शे," आबा म्हणाला. "वरथीन चकचक, मझार पोकळ." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली.

कुंदन चहा न घेता बायकोला आणि पोराला घेऊन निघून गेला. जाताना दीपमालानं मागं वळूनही पाहिलं नाही. आपण खरं तेच बोललो, असं आबा वर्षभर बायकोला सांगत राहिला. यशोदाबाई ऐकत ऐकत भाकरी थापत राही.

ह्या आखाजीला लेक आली नाही. सणाच्या दिवशी तिचा फोन आला.

"आबा, त्यास्नी धुळाथीन टायर बसाडात. तसलाच, पांढरा अक्षरना."

"तारीख वाची तू?"

"वाची. सहा वरीसना जुना."

"आनि तू बसस त्या गाडीमा? पोरले लिसन?"

"बसनं पडस, आबा."

आबानं फोन ठेवला. धुळ्याच्या दुकानदारानं त्या मूर्खाला शेठ म्हटलं असेल, चहा पाजला असेल आणि सडका माल गळ्यात बांधला असेल. त्या दुकानदाराला शिव्या द्यायला आबानं तोंड उघडलं, पण शिवीच सुचेना. त्याला फक्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी साध्या नक्षीचे चार नवे टायर टेम्पोत टाकून तो जावयाच्या दारात उभा राहिला. अंगणात कुंदनचे दोन मित्र बसले होते. आबानं त्यांच्यादेखत हात जोडले.

"चुकनू, जावईबापू. त्या दिन जीभ घसरनी. तुमनासाठे खास पुनाथीन मागाडात. तठे रेसना गाड्यासले हाईच लावतस. नक्षी साधी दिखस, पन जानकार मानूस लगेच वळखस."

कसली रेस आणि कसलं पुणं. टायर त्याच्याच दुकानातल्या फळीवरचे होते.

कुंदननं मित्रांकडे पाहिलं. मग टेम्पोपाशी जाऊन टायरवर थाप मारली, जाणकारासारखी. "मी बोलनू नव्हतू का?" तो मित्रांना म्हणाला. "मना सासरा जरा तापट शे, पन त्याले मानूस वळखता येस."

"हो," आबा म्हणाला. "चावी द्या. नरडाणाले टायर चढावानं मशीन शे, मी लगेच बसाडी लयस."

दीपमाला पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं तांब्या बापापुढे धरला आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत डोळे वर केले नाहीत.